आज जाळ्यावर कोण?

नागपुरातल्या माझ्या पहिल्याच सकाळी मी अकरा वर्षांच्या एका मुलीच्या अंगावर धावून गेले. ती स्केटबोर्डवर उभी राहून सिमेंटच्या उतारावरून खाली येत होती. गुडघे पार दुमडलेले, उजव्या हाताची बोटं जमिनीला लागतील इतकी खाली वाकलेली. वळणाच्या तोंडाशी आली आणि तिनं डावा हात डोक्याच्या वर उचलला. मी कडेला चहा पीत उभी होते. तो कप कुठं गेला ते मला आजही आठवत नाही. मी तिला कमरेला धरून ओढलं, दोघी धुळीत बसलो, आणि बोर्ड एकटाच पुढं जाऊन भिंतीला थडकला.

"काय झालं मॅडम?" ती म्हणाली. "मी तर वळूनच राहिली होती."

वर रांगेत उभी असलेली पोरं हसायला लागली. मला शिकवायला बोलावणारे सर हसत हसत आले आणि म्हणाले, "अहो, हात तर स्टाइल आहे. तुमच्याकडचीच आहे ना? तुम्हीच घाबरल्या?"

मी पण हसले. उठायच्या आधी उगाच धूळ झटकत बसले. एवढ्यात पुढचा मुलगा उतरला. त्यानंही वळणावर हात वर केला, आणि वरची सगळी पोरं एका सुरात, हळू आवाजात म्हणाली, "वा."

तो "वा" माझा होता. आवाज त्यांचा, पण म्हणायची ढब माझी. अंगात एकदम गार वारं शिरल्यासारखं झालं. मार्च महिना होता आणि नऊ वाजताच ऊन टोचायला लागलं होतं.

हात वर करणं ही स्टाइल नाही. आमच्याकडं त्याचा अर्थ होतो, मला धर. आणि हे नागपुरात फक्त मला माहीत होतं. सांगायला तोंड उघडलं असतं तर मला कसं माहीत, हेही सांगावं लागलं असतं. दीड महिना मी तोंड उघडलं नाही. त्या दीड महिन्याचं हे सगळं आहे.

माझी वस्ती खाडीच्या तोंडाशी आहे, मुंबईच्या एका टोकाला. नाव लिहीत नाही. लिहिलं तर जवळपासची माणसं नाक मुरडतील, आणि बोर्ड खेळणारी पोरं टाळ्या वाजवतील, आणि दोन्हीचं मला अवघडच वाटतं. रिक्षावाला हायवेलाच सोडतो, आत येत नाही. बोटीतलं डिझेल चोरीला जातं, मग त्यावरून डोकी फुटतात. सुकटीच्या वासात दारूचा वास मिसळलेला. आमच्या शाळेतल्या बाई हजेरी घेताना आमच्या वस्तीच्या मुलांना शेवटच्या बाकावर एकत्र बसवायच्या, म्हणजे काही हरवलं तर शोधायला सोपं. मी आठवीतून शाळा सोडली. कोणी काढलं नाही, मीच एक दिवस गेले नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी जायची भीती वाटली, आणि तिसऱ्या दिवशी जास्त. आई म्हणाली, बर्फ फोडायला ये. गेले.

होड्या वर ओढायला तिथं सिमेंटचा एक रुंद उतार आहे. वरून सरळ पाण्यात जातो. खालच्या भागावर भरतीचं पाणी चढतं, तिथं हिरवं शेवाळ. एकदा कोणीतरी भंगारातून एक बोर्ड आणला आणि त्या उतारावर पोरं खेळायला लागली. मग अजून बोर्ड आले, काही माशांच्या खोक्याच्या फळ्यांचे. पाय घसरू नयेत म्हणून आम्ही वरून जुन्या जाळ्याचे तुकडे खिळ्यांनी ठोकायचो. पायात मासळी बाजारातले गमबूट, घोट्यापाशी कापलेले. आणि शेवाळ सुरू व्हायच्या आत वळायचं, नाहीतर सरळ पाण्यातल्या खडकावर. त्यामुळं आमचं वळण खालून, जमिनीला चिकटून, हात टेकवून. नटवं नव्हतं ते. बुडायच्या भीतीनं आलेलं होतं.

आणि आमचा एक नियम होता. खाली माणूस उभं असल्याशिवाय वरून कोणी सुटायचं नाही. शेवाळाच्या वरच्या कडेला एक जुनं जाळं आडवं पसरलेलं असायचं, एक टोक होडी बांधायच्या कडीला, दुसरं टोक खाली उभ्या असलेल्याच्या हातात. जाळं जमिनीवर सैल पडलेलं. उतरणारा वळला, तर काही करायचं नाही. पण त्यानं डावा हात वर केला, की त्याचा अर्थ, मला वळता येत नाही. मग खालच्यानं सगळा जोर लावून जाळं वर ओढायचं, आणि तो येऊन जाळ्यात पडायचा. वस्तीत कोणाला लागलं तर दवाखान्यात नेत नसत, तिथं आधी पोलीस विचारत की कोणी मारलं. म्हणून हे जाळं. रोज संध्याकाळी उतारावर गेलं की पहिला प्रश्न हाच, "आज जाळ्यावर कोण?"

बहुतेक वेळा मीच. मला उतरायची भीती वाटायची. दोनदा उतरले, दोन्हीदा वरूनच हात वर करून आले. पोरं म्हणायची, हिचा हात आईच्या पोटातनंच वर आहे. पण जाळ्यावर मी चांगली होते. भित्र्या माणसाची नजर हलत नाही.

माझी एक मैत्रीण होती. आहे. ती आमच्यात सगळ्यात चांगली उतरायची. तिला मी जाळ्यावर लागायचे, दुसरं कोणी नको. "तू असलीस की मी डोळं मिटून येते गो," म्हणायची.

एका संध्याकाळी ती म्हणाली, माझा व्हिडिओ काढ. तिच्या भावाचा फोन होता. मी म्हटलं, जाळ्यावर कोण? ती म्हणाली, तूच, एका हातानं धर. मी जाळ्याचं टोक पायाखाली दाबलं, आणि खाडीकडं पाठ करून, उताराकडं तोंड करून फोन धरला. ती आली. फोनच्या पडद्यात ती इतकी सुंदर दिसत होती. मावळतीचं ऊन तिच्या अंगावर, सगळी सोन्यासारखी. वळणाशी तिनं हात वर केला. मी तो पाहिला. पडद्यात पाहिला. आणि मला वाटलं, काय छान दिसतंय. मी "वा" म्हणाले.

मग फोन हातातून पडला, कारण ती माझ्या शेजारून जाऊन खाली बांधलेल्या होडीच्या टोकावर गुडघ्यानं आदळली होती.

सगळी धावत आली तेव्हा मी म्हणाले, ऊन डोळ्यात होतं, हात दिसला नाही. तिच्या आईनं उलट मलाच जवळ घेतलं, कारण मी रडत होते. मैत्रीण काही बोलली नाही. तिचा गुडघा पुन्हा पूर्ण वाकला नाही. ती आता जिना एकेक पायरी उतरते, तोच पाय आधी टाकून.

फोन पडला तिथं व्हिडिओ संपतो. बारा सेकंदांचा आहे. उतार, वळण, हात, "वा". पुढचं त्यात नाही. तिच्या भावाला तो फोनमध्ये सापडला आणि कोणाला तरी पाठवला, त्यानं आतला आवाज तसाच ठेवून त्यावर गाणं टाकलं, आणि तो सगळीकडं सुटला. काही महिन्यांत शहरातली मुलं महागडे बोर्ड घेऊन आमच्या उतारावर यायला लागली. ज्या वस्तीत रिक्षा येत नाही तिथं मोटारी उभ्या राहिल्या. कापलेले गमबूट दुकानात मिळायला लागले, पिवळे, शंभर ठिकाणी शिवण घातलेले. जाळ्याचं चित्र छापलेले बोर्ड निघाले. दुसऱ्या शहरांतल्या उतारांवर पोरं आमच्यासारखी खाली वाकून वळायला लागली, आणि वळणावर डावा हात वर. सगळं घेतलं त्यांनी. जाळं तेवढं राहिलं, कारण ते व्हिडिओत दिसत नाही. ते माझ्या पायाखाली होतं.

वस्तीतून निघायचं कारण मी कोणाला सांगितलं नाही. नागपूरच्या एका सरांनी मैदानामागं नवीन उतार बांधला होता आणि त्यांना शिकवायला माणूस हवं होतं. आमच्या वस्तीतल्या एकानं माझा नंबर दिला. सरांनी फोनवर विचारलं, किती शिकलात, तर मी खरं सांगितलं, आठवी. म्हणाले, "ते नाही, कोणत्या वस्तीतल्या ते सांगा." मी सांगितलं. म्हणाले, "या." जन्मभर ज्या पत्त्यानं मला मागच्या बाकावर बसवलं त्याच पत्त्यावर मला नोकरी लागली. पगार वेळेवर. मला कोणी मॅडम म्हणेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. सरांचे उपकार मी विसरणार नाही, आणि त्यांच्यासमोर मला श्वासही नीट घेता यायचा नाही. ते रोज सकाळी मुलांना तो व्हिडिओ दाखवायचे. मी हळू बोलायला लागले. आवाज ओळखतील म्हणून.

राहायला मिळाली ती खोली एका कोष्टी घरातली. पूर्वी तिथं हातमाग होता. विणणारा पाय सोडून बसायचा तो खड्डा सिमेंटनं बुजवलाय, पण रंग वेगळा दिसतो. माझी गादी बरोबर त्याच्यावर. घरमालकीण काकू धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करते. तिनं पहिल्या दिवशी मला रस्सा वाढला, इतका तिखट की माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. ती म्हणाली, "समुद्रवाले तुम्ही, तुमच्या जेवणात नुसतं खोबरं." त्या दिवसापासून मला रडायचं असलं की मी तिच्याकडं जेवायचे. कोणाला कळायचं नाही.

मुलांना माझं धावणं कळलं. हात वर झाला की माझे पाय सुटायचेच, मी ठरवलं तरी थांबायचे नाहीत. मग त्यांनी त्याचा खेळच केला.

"हात कर गा, मॅडम धावते का पाह्य."

"अबे, कालचं पाह्यलं का? चप्पल इकडं, मॅडम तिकडं."

एका सकाळी मी मोजायचं सोडून दिलं इतकी धावले. ती अकरा वर्षांची मुलगी तेवढी हसायची नाही. पाणी पिताना माझ्याजवळ येऊन बसली. "मॅडम, तुम्ही काहून धावता?"

"सवय आहे."

"तुमच्याकडं सगळेच धावतात?"

"एकच जण."

"कोण?"

मी म्हटलं, हेल्मेटचा पट्टा घट्ट कर. तिनं केला. पण माझ्याकडं बघत राहिली.

एप्रिल संपताना सरांनी पालकांसाठी कार्यक्रम ठरवला. रविवारी सकाळी. शेवटी सगळ्या मुलांनी एकामागून एक उतरायचं आणि वळणावर हात वर करायचा, वरून फोटो काढायचा. तो फोटो मोठा करून फाटकावर लावायचा. सर मला म्हणाले, "आणि मॅडम, त्या दिवशी तुम्ही खुर्च्यांच्या मागं उभ्या राहा. दर फोटोत तुम्ही धावताना येता."

मी म्हटलं, "बरं."

घरी आले, जेवण जाईना. काकूनं ताट बघितलं. "काहून वं, जेवून नाही राहिली? चार दिवसापासून पाहून राहिली मी."

का कोण जाणे, मी तिला अर्धं सांगितलं. हाताचा अर्थ सांगितला. व्हिडिओ कोणी काढला ते नाही सांगितलं.

"मग सांगून टाक ना त्या सराले," काकू म्हणाली.

"काढून टाकतील मला."

"काढतीन तर काढतीन. खोली कुठं चालली का? मले तुझ्या त्या चाकाच्या फळीतलं काही समजत नाही. पण लेकरू हात वर करते अन् खाली कोणी नाही, हे काय चांगलं नाही." मग तिनं माझ्या भातावर अजून रस्सा घातला. "अन् अर्धंच सांगितलं तू मले. उरलेलं पचलं की सांगजो."

शनिवारी सकाळी तालीम होती. उतारावर धूळ होती आणि सिमेंट तापायला लागलं होतं. सरांनी माळ्याला सांगितलं, पाणी मार, म्हणजे गारही होईल आणि फोटोत चमकेलही. माळ्यानं नळी लावून अख्खा उतार ओला केला. मी खुर्च्यांच्या मागून बघत होते. ओलं सिमेंट मी ओळखते. मी त्याच्यावर वाढले. ही मुलं कोरड्या जमिनीवर शिकलेली, त्यांचे पाय अख्ख्या जन्मात ओल्यावर गेलेले नाहीत. मी म्हटलं, "सर, ओलं आहे." पण ते मी माझ्या त्या नवीन हळू आवाजात म्हटलं, आणि सर फोटोवाल्याशी बोलत होते.

पहिला मुलगा मोठा होता, तो कसाबसा वळला. हात वर. "वा," सगळी म्हणाली. दुसरा वळणाच्या आधीच बसकण मारून घसरला, त्यालाही "वा", आणि हशा. तिसरी ती अकरा वर्षांची मुलगी होती.

ती सुटली तेव्हाच मला कळलं की वेग जास्त आहे. वळणाच्या जरा आधी मागची चाकं सरकली. तिनं हात वर केला.

खोटा हात मी दीड महिना पाहत होते. खोट्या हाताची बोटं जुळलेली असतात, पोलिसानं गाडी थांबवावी तशी. व्हिडिओत हात लहान दिसतो, बोटं कळत नाहीत, त्यामुळं मुलांनी तसा उचलला होता. खऱ्या हाताची बोटं फाकलेली असतात. हवेत काहीतरी धरायला बघत असतात. तिची बोटं फाकलेली होती.

"वा," मुलं म्हणाली.

मी खुर्च्यांवरून कशी गेले मला माहीत नाही. दोन खुर्च्या पडल्या, कोणीतरी "मॅडम, फोटो!" म्हणून ओरडलं. जाळं नव्हतं. मी उताराच्या खाली तिच्या वाटेत आडवी झाले, आणि ती माझ्यावर आली. आम्ही दोघी लोखंडी कठड्यावर आदळलो. माझी पाठ कठड्याला, ती माझ्या छातीवर. तिचं हेल्मेट माझ्या हनुवटीला लागलं. मला श्वास येईना. तिची बोटं अजून फाकलेलीच होती. मी ती एकेक करून मिटवली.

"मी खरंच हात केला होता," ती माझ्या कानात म्हणाली. "मी खरंच केला होता, मॅडम."

"दिसला मला," मी म्हटलं.

हे दोन शब्द म्हणून झाल्यावर मला कळलं की आता मी काही लपवू शकणार नाही.

धंतोलीत, काकूच्याच हॉस्पिटलात, एक्सरेच्या रांगेत मी, सर आणि ती मुलगी बसलो होतो. तिला हनुवटीला खरचटलं होतं, बाकी काही नाही. माझ्या बरगड्या दुखत होत्या. बाजूला कुठून कुठून आलेली माणसं पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली. काकूला कोणी निरोप दिला माहीत नाही, ती स्वयंपाकघरातला ॲप्रन तसाच घालून आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मुलीची आई आली. "जय भीम, मॅडम," म्हणाली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली, मुलीला एका हातानं धरून. "रोज घरी सांगते, मॅडम धावतात. हसत नाही सांगताना. मी म्हटलं, धावत असतील काही कारणानं."

मग मी सांगितलं. रांगेत बसून, त्या सगळ्या अनोळखी माणसांच्या मधे, माझ्या जुन्या मोठ्या आवाजात, बरगड्या दुखत होत्या तरी. जाळं सांगितलं. फोन सांगितला. मी म्हटलं, "तो हात तिच्या भीतीचा आहे. आणि खाली जी उभी होती, जिनं धरलं नाही, ती मी."

सरांनी खिशातून फोन काढला. मला वाटलं कोणाला तरी लावतायत. त्यांनी तो व्हिडिओ लावला आणि फोन कानाशी धरला. बारा सेकंद. पुन्हा लावला. शेवटी माझ्याकडं बघितलं. मी इतकी कोणाच्या बघण्याला कधी घाबरले नव्हते, शाळेतसुद्धा नाही.

"हा आवाज तुमचा," ते म्हणाले.

"हो."

"मी रोज दाखवतो हा पोरांना."

"हो."

 माझा नंबर पुकारला, मी आत जाऊन एक्सरे काढून आले, तरी सर फोन हातात धरून तसेच बसलेले. मुका मार आहे, म्हणाले डॉक्टर. काकूनं मला उठवायला हात दिला. तेव्हा सर म्हणाले, "सकाळी मला ओलं आहे म्हणाल्या होत्या का तुम्ही? मला वाटलं, काहीतरी म्हणाल्या."

"म्हणाले होते."

"यापुढं ओरडून म्हणा." मग जरा थांबून, "उद्याचं काय करायचं, तेवढं सांगा."

काकू बाहेर पडताना म्हणाली, "पचलं म्हणायचं."

रविवारी उतार कोरडा होता. फोटोवाला आला नाही. सरांनी शेजारच्या मैदानावरून व्हॉलीबॉलचं जुनं जाळं आणलं, एक टोक कठड्याला बांधलं. पालक खुर्च्यांवर बसले आणि मी मुलांना उतारावर बसवून सगळं सांगितलं, मीच व्हिडिओ काढला तेही. कोणी हसलं नाही. एक मोठा मुलगा म्हणाला, "म्हणजे आपण रोज वा वा म्हणत होतो, ते..."  एका मुलाचे वडील मधेच उठले, मुलाचा हात धरला आणि घेऊन गेले. जाता जाता सरांना म्हणाले, असल्या बाईच्या हाती लेकरं देता. सर त्यांच्यामागं फाटकापर्यंत गेले. काय बोलले माहीत नाही, मुलगा परत आला नाही. मी त्या माणसाला चूक म्हणू शकत नाही.

मग मी विचारलं, "आज जाळ्यावर कोण?"

ती अकरा वर्षांची मुलगी उठली. हनुवटीवर पट्टी होती. तिनं जाळ्याचं टोक दोन्ही हातांनी धरलं, मैदानाकडं पाठ आणि उताराकडं तोंड केलं, आणि पाय असे रोवले की मला माझी वस्ती आठवली. मुलं एकेक उतरली. कोणी हात केला नाही. शेवटी जो सगळ्यात जास्त माझी चप्पल आणि माझं धावणं यावर विनोद करायचा, तो वळणाशी डगमगला, आणि त्याचा हात वर गेला. बोटं फाकलेली. तिनं जाळं ओढलं. तो त्यात पडला, जाळ्यासकट लोळला, आणि आतून म्हणाला, "अबे, ओढलं न हिनं."

त्याचा व्हिडिओ सरांनी काढला. मी तो माझ्या मैत्रिणीला पाठवला. वस्ती सोडल्यापासून मी तिच्या एकाही निरोपाला उत्तर दिलं नव्हतं. व्हिडिओखाली मी लिहिलं नाही, मला लिहायला भीती वाटते, चुका होतात. मी बोलून पाठवलं. म्हटलं, त्या दिवशी हात मला दिसला होता. ऊन डोळ्यात नव्हतं. मला वाटलं छान दिसतंय, म्हणून मी ओढलं नाही.

मग फोन उलटा करून मागाच्या बुजवलेल्या खड्ड्यावर ठेवला आणि त्याच्यापासून लांब, दाराशी जाऊन बसले. दुपार होती. काकूनं दोनदा आत डोकावून बघितलं.

फोन वाजला तेव्हा मी लगेच उचलला नाही. उचलला तेव्हा तिनंही बोलूनच पाठवलेला निरोप होता, तिचा आवाज, मागं खाडीवरचा वारा आणि कोणीतरी बर्फ फोडत असल्याचा आवाज.

"ऊन तुझ्या पाठीला होतं गो," ती म्हणाली. "मी त्या उतारावर जन्मले, मला काय सूर्य कुठं मावळतो ते कळत नाय? आणि तुझा आवाज हाय त्याच्यात. मी रोज ऐकते. दोन वर्षं थांबले, कधी बोलशील म्हणून."

मग बराच वेळ नुसता वारा. मला वाटलं निरोप संपला. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

"आणि त्या पोरीला सांग," ती म्हणाली, "जाळं लय वर धरलंय. गुडघ्याच्या खाली धर म्हणावं. मान अडकेल कोणाची तरी."

मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. कठड्याची गाठ सोडून एक वीत खाली बांधली, आणि दोनदा ओढून बघितली, आणि घरी आल्यावर पुन्हा भीती वाटली म्हणून परत जाऊन अजून एकदा ओढून बघितली.